मिक्सर ‘गेला’ म्हणण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्त बँक अधिकारी बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नॉमिनेशन, मृत्युपत्र नाहीतर मुदत ठेवींचे व्याजदर ऐकायची तयारी ठेवली असेल. सेक्रेटरीसाहेबांचीही तीच अपेक्षा होती. मी त्यांना सांगितलं, मी मिक्सरवर बोलणार. ते हसले. पण गेल्या सहा-सात वर्षांत या तीन विंगांमधून माझ्याकडे ठेवींविषयी जितके प्रश्न आले, त्याहून जास्त ‘काका, आमचा मिक्सर बघता का जरा?’ असे आले. माझ्या वहीत चाळीसएक नोंदी आहेत. कोणता मिक्सर, काय तक्रार, काय निघालं. सवय जात नाही, व्हाउचरशिवाय चैन पडत नाही. त्या वहीच्या आधारे आज बोलतो.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात, बँकेतल्या माणसाला हे येतं कुठून? १९८३ साली सरकारने सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची कर्ज योजना काढली, २५ हजारांपर्यंत कर्ज मिळत असे. त्या काळात मी शाखेत कर्ज विभागात होतो. त्या योजनेतून मोटर रिवाइंडिंगचं दुकान काढणारा एक मुलगा आमचा कर्जदार होता. तपासणीला म्हणून जायचो आणि तासभर त्याच्याकडे बसून राहायचो. हप्ता वेळेवर भरायचा, आणि वर शिकवायचाही. आर्मेचर म्हणजे काय, कार्बन कशाला लागतो, वास आला की काय समजायचं, हे सगळं त्या दुकानातलं.

आता आपल्या वलवणचं. आपल्याकडे पाऊस किती पडतो हे मी सांगायला नको. जूनमध्ये वाळत घातलेला टॉवेल सप्टेंबरमध्ये वाळतो असं आमच्या सौ. म्हणतात, त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. हाच पाऊस वलवणच्या धरणात साठतो, खाली खोपोलीला उतरतो आणि वीज करतो. टाटांचं ते वीजघर १९१५ सालचं. म्हणजे आपलं पाणी शंभर वर्षांहून अधिक काळ मोटरी फिरवतंय, आणि त्याच पाण्याची हवेतली ओल आपल्या ओट्यावरची मोटर बंद पाडते! शिवाय आपल्या सोसायटीतले पुष्कळ फ्लॅट शनिवार-रविवारचे. मंडळी मे महिन्यात येऊन आमरस करतात, भांडं खळखळून ठेवतात, आणि दार उघडतं ते थेट दिवाळीला. मधे चार महिने बंद खोली, बंद कपाट, आत दमट हवा. दिवाळीला चकलीची भाजणी फिरवायला घेतात तर पातं जागचं हलत नाही. ‘मिक्सर गेला.’ माझ्या वहीतल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जवळजवळ सगळ्या नोंदी या एकाच प्रकारच्या आहेत, आणि त्यातला एकही मिक्सर गेलेला नव्हता.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावरून यंत्राचा स्वभाव कळतो. आपल्या आयांनी पाटा-वरवंट्यावर वाटलं. परदेशी मिक्सर आले, ते मऊ फळं आणि केकचं पीठ घुसळण्यासाठी बनवलेले. त्यांच्यात हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली उडीद डाळ टाकली की त्यांची मोटर जळायची. मुंबईत सीमेन्स कंपनीत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा ब्राउनचा मिक्सर असाच जळला आणि इथे दुरुस्त होईना. त्यातून माथुरांनी आपल्या वाटणाला पुरेल अशा ताकदीच्या मोटरीचा मिक्सर तयार केला, तो ‘सुमीत’. साठच्या दशकातली ही गोष्ट. तुमच्यापैकी कितीजणींच्या लग्नात सुमीत आला होता? बघा, किती हात वर झाले. पुढे फूड प्रोसेसर आला. त्याचा जन्म फ्रान्सचा, पिअर व्हर्डन यांनी हॉटेलांसाठी केलेल्या यंत्रावरून १९७१ च्या सुमारास घरगुती ‘मॅजिमिक्स’ निघाला. आपल्याकडे आल्यावर त्याला कणीक मळायला लावली, पुरण करायला लावलं, नारळ खवायला लावला.

सांगायचा मुद्दा असा की, आपल्या स्वयंपाकघरात हे यंत्र मेहनत फार करतं. त्याची मोटर लहान आणि वेग प्रचंड, मिनिटाला हजारो फेरे. अशी मोटर जोर देते, पण लवकर तापते. म्हणून बहुतेक मिक्सरच्या पुस्तिकेत ‘५ मिनिटं चालवा, २ मिनिटं थांबवा’ असं लिहिलेलं असतं. पुस्तिका आपण गॅरंटी कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकतो. ती काढून एकदा वाचा. मुदत ठेवीची पावती वाचता ना, मग हीही वाचा.

आता जे मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगतो ते. मिक्सर चालेना झाला की भांडं आणि मशीन वेगळं करून बघा. बँकेत दिवसाअखेर ताळा जुळला नाही की आम्ही आधी फरक कोणत्या बाजूचा हे शोधायचो, रोख की लेजर. इथेही तेच. भांडं काढून ठेवा आणि नुसतं मशीन एक-दोन सेकंद चालवा. (काही नव्या मशिनांत भांडं बसवल्याशिवाय चालत नाही, तिथे दुसरं रिकामं भांडं लावून बघा.) मशीन नुसतं नीट फिरलं तर मोटर ठणठणीत आहे, दोष भांड्यात. नुसतंही फिरलं नाही तर दोष मशीनमध्ये किंवा विजेत. एवढ्या एका परीक्षेने अर्धी काळजी मिटते. पण लोक हे करतच नाहीत. सगळं एकत्र पिशवीत घालून बाजारात नेतात, आणि दुकानदार सांगेल ते ऐकतात.

दोष भांड्यात असला तर काय असतो? भांडं उलटं करा. खाली दातेरी चाक दिसेल, तो कपलर. तो बोटांनी फिरवून बघा. हलका फिरला पाहिजे. फिरत नसेल तर आतल्या दांड्याभोवती जे बुश असतं त्यात वाटण सुकून बसलंय किंवा गंज धरलाय. उडदाचं पीठ सुकलं की सिमेंट होतं, हे इडली करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. अशा वेळी भांड्यात कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवा. मग पाणी ओता, भांडं उलटं करून दांड्याच्या कडेला खायच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि कपलर हाताने इकडे-तिकडे हलवत राहा. आधी इंचभर हलतो, मग सुटतो. शिवणयंत्राचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा इथे नको, ते पोटात जाणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अडकलेलं भांडं तसंच लावून ‘वेग वाढवला की सुटेल’ म्हणून बटण तीनवर नेऊ नका. मशीन नुसतं ‘हूं’ करतं आणि फिरत नाही, त्या प्रत्येक सेकंदाला मोटर तापत असते. मोटरी जळतात त्या अशाच.

मशीन जोरात ओरडतंय पण पातं फिरत नाही, किंवा थोडं फिरून थांबतं, तर कपलरचे दाते झिजलेत. भांड्याखालचा तरी नाहीतर मशीनवरचा तरी. कपलर ही स्वस्त वस्तू आहे. भांडं अडकलं तर मोटरीआधी हा तुटावा, असं त्याचं काम, एका अर्थाने फ्यूजच. बदलताना एक युक्ती लक्षात ठेवा. मिक्सर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने तो सुटतो. उलट दिशेने जोर लावत बसलात तर आणखी घट्ट होतो. आमच्या विंगेतल्या एका तगड्या जावईबापूंनी अर्धा तास जोर लावून तो असा बसवून दिला होता की शेवटी पक्कड आणावी लागली.

आणि गळती. भांडं खालून गळतंय का हे ओट्यावर कळत नाही, कारण ओटा ओलाच असतो. रात्री भांड्यात थोडं पाणी घालून वर्तमानपत्रावर ठेवा. दहा मिनिटांनी कागद ओला दिसला की वॉशर किंवा बुश गेलं समजा. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. गळणारं पाणी थेट मोटरीच्या डोक्यावर पडतं. बऱ्याच मिक्सरमध्ये वरच्या खोलगट भागात कपलरच्या बाजूला एक लहान भोक असतं, सांडलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून. तुमच्या घरी ते भोक आहे का, आणि असलं तर उघडं आहे का, आज जाऊन बघा. बहुतेकांकडे त्यात खोबरं आणि कोथिंबीर भरलेली असेल. प्लग काढून, मशीन कोरडं असताना काडीने साफ करा.

आता दोष मशीनमध्ये निघाला तर. इथे मला मागच्या जुलैतली एक संध्याकाळ सांगावीशी वाटते. नाव सांगत नाही, त्या ताई इथेच बसल्या आहेत आणि त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. गिळायला त्रास, म्हणून डॉक्टरांनी सगळं जेवण एकजीव वाटून द्यायला सांगितलेलं. वरण-भात, भाजी, सगळं मिक्सरमधून. मुलगा बंगळुरूला. संध्याकाळचे साडेसात, बाहेर पाऊस असा की गेटचा दिवा दिसत नव्हता, आणि मिक्सर बंद पडला. बाजारातली दुकानं बंद. ताईंनी चाळणीतून भात चोळून बघितला, पण त्यात कण राहत होते आणि यजमानांना ठसका लागत होता. आपल्याला मिक्सर बंद म्हणजे आज चटणी नाही. त्या घरात मिक्सर बंद म्हणजे आज जेवण नाही. त्यांनी रडकुंडीला येऊन फोन केला.

मी गेलो, मशीन उलटं केलं. खाली लाल बटण होतं, बाहेर आलेलं. मशीन थोडं गार होऊ दिलं, बटण दाबलं, चालू झालं. मला दुरुस्ती म्हणावी असं काही करावं लागलं नाही. ते बटण ओव्हरलोडचं. मोटरवर ताण जास्त आला की ते आपणहून वीज तोडतं. त्या दिवशी दुपारी ताईंनी सलग दोन घाणे डाळ वाटली होती, मशीन तापलं होतं. मशीनने स्वतःला वाचवलं होतं, बिघडलं नव्हतंच. हे लाल बटण बहुतेक मिक्सरना असतं, तळाशी किंवा मागे. आपल्या घरातलं कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, फक्त स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला नव्हे. पुरुष मंडळींनो, हे मी तुमच्याकडे बघून बोलतोय.

तेव्हा क्रम असा. आधी प्लगमध्ये वीज आहे का, तिथे दुसरं काही लावून बघा. मग लाल बटण. प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, बटण दाबा. पुन्हा पुन्हा उडत असेल तर भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरताय, वाटण फार घट्ट आहे, किंवा विजेचा दाब कमी आहे. पावसाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे दिवे पिवळे पडतात, तेव्हा डाळ वाटायला घेऊ नये. वाटणात थोडं पाणी घाला, थांबून थांबून फिरवा. हे सगळं करूनही मशीन गप्प असेल, किंवा आतून मोठ्या ठिणग्या आणि जळका वास येत असेल, तर तिथे थांबायचं आणि जाणकाराकडे द्यायचं. कार्बन झिजले असतील तर ते थोडक्या पैशांत बदलतात, दोन्ही एकदम बदलून घ्या. वाइंडिंग जळालं असेल तर खर्च मोठा, मग नव्याचा विचार करायला हरकत नाही. किंचित निळसर ठिणगी आतून दिसणं आणि नव्या मिक्सरला पहिल्या काही वेळा वार्निशचा वास येणं, याने घाबरू नका. पण धूर म्हणजे धूर. तिथे ‘चालतंय ना अजून’ नको.

बंद घर उघडलं की पहिल्याच दिवशी मिक्सर थेट लावू नका. भांडी हाताने फिरवून बघा, मशीन कोरड्या उन्हात किंवा पंख्याखाली काही तास ठेवा, मग चालवा. लावल्याबरोबर बोर्डातला ईएलसीबी खाली पडला तर आत ओल आहे किंवा वायर कुठे उघडी पडली आहे. ईएलसीबी खराब म्हणून तो काढून थेट जोडणी करून देणारे वायरमन आहेत. त्यांना घरात घेऊ नका. ओल्या ओट्यावर, ओल्या हाताने, अनवाणी उभं राहून आपण हे यंत्र वापरतो. तो ईएलसीबी तुमचा जीव वाचवायला बसवलाय.

स्वच्छतेचं मी थोडक्यात सांगणार होतो, पण भगिनी वर्गातून हीच मागणी जास्त आहे. वाटण काढल्यावर लगेच, लगेच म्हणजे जेवणानंतर नव्हे, भांड्यात निम्मं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून झाकण लावून चार-पाच सेकंद फिरवा. ओता, विसळा, उलटं पालथं घाला. बस. पात्याखाली हात किंवा घासणी घालायची गरज पडत नाही. तिथे बाटली धुवायचा लांब ब्रश वापरा. भांडं रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची सवय वाईट, पाणी बुशात जातं आणि गंज धरतो. झाकणाची रबरी रिंग आठवड्यातून एकदा काढून धुवा, तिच्या मागे काळी बुरशी धरते, आपल्या हवेत तर हमखास. प्लास्टिकच्या झाकणाला हळदीचा पिवळा डाग पडला तर घासू नका, दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं, ते मात्र मला विचारू नका. मशीन कधीही नळाखाली धरायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. पात्याला धार यावी म्हणून जाडं मीठ फिरवतात. माझं मत विचाराल तर त्याने धार येत नाही, पात्यावर चिकटलेला थर निघतो आणि म्हणून बरं वाटतं. निघत असेल तर काय वाईट आहे, फक्त नंतर मीठ नीट धुऊन टाका, नाहीतर गंज.

फूड प्रोसेसर असलेल्यांसाठी दोन शब्द. ‘चालूच होत नाही’ ही त्याची ठरलेली तक्रार, आणि कारण बहुतेक वेळा कुलूप. मोठा बाउल आणि त्याचं झाकण खाचेत पूर्ण बसून ‘टक्’ आवाज आला नाही, तर आतलं लहान बटण दाबलं जात नाही आणि मशीन सुरू होत नाही. त्या खाचेत कणीक सुकून बसते. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती खाच साफ करा. कणीक मळताना पाणी धारेने, हळूहळू. कणीक घट्ट झाली की मशीन थबकतं, तेव्हा दोन घाणे करा.

पण एका घरी मी पाहिलं ते सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. झाकणाचं कुलूप लागत नाही म्हणून त्यांनी खाचेत आगकाडी खोचून ठेवली होती. म्हणजे झाकण उघडं असतानाही पातं फिरणार. होळीच्या आदल्या दिवशी पुरण चालू, घरात दोन नातवंडं, आणि आजी उलथन्याने कडेचं पुरण आत ढकलतायत. मी आधी प्लग काढला, मग नमस्कार केला. ती आगकाडी अजून माझ्याकडे आहे, ही बघा. दुरुस्तीला लागली होती फक्त खाचेतली वाळलेली कणीक काढायला पाच मिनिटं.

तसंच गरम पदार्थांचं. उकळतं टोमॅटोचं सार किंवा सूप बंद भांड्यात फिरवलं की वाफ कोंडते आणि झाकण उडतं. माझ्या मेहुणीच्या हातावर भाजल्याचा डाग आहे तो याचाच. सूप कोमट होऊ द्या, भांडं तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा, झाकणावर फडकं धरा. आणि पात्यात काही अडकलं की आधी प्लग, मग भांडं खाली, मग हात. बटण बंद केलंय एवढ्यावर भरवसा नको. बटण दुसरं कोणीही चालू करू शकतं.

समितीला मी एक अर्ज दिला होता, तो मंजूर झाला आहे हे सांगायला आनंद वाटतो. सोसायटीच्या कार्यालयात एक डबा ठेवला आहे. त्यात आपल्या इमारतींत जास्त करून असलेल्या मिक्सरचे कपलर, वॉशर, झाकणाच्या रिंगा आणि एक टेस्टर आहे. वस्तू घ्यायची, वहीत नाव आणि फ्लॅट नंबर लिहायचा, मूळ किमतीचे पैसे डब्यात टाकायचे. शिवाय कार्यालयात एक जुना पण चालू मिक्सर ठेवलाय. ज्यांच्या घरी आजारी माणसासाठी वाटून द्यावं लागतं, त्यांच्यासाठी तो रात्री-अपरात्रीही मिळेल, वॉचमनकडे चावी आहे. त्याची पहिली नोंद मागच्याच आठवड्यात झाली.

प्रश्न असतील तर विचारा. एक चिठ्ठी आधीच आली आहे, ‘शेंगदाण्याचा कूट करताना लगदा होतो, मिक्सर खराब आहे का?’ लोणावळ्यात राहून शेंगदाण्याबद्दल मला विचारता! चिक्कीवाल्यांना विचारा. नाही, मिक्सर चांगला आहे. दाणे भाजून पूर्ण गार होऊ द्या, भांडं निम्मंच भरा, आणि सलग न फिरवता बटण उलट्या बाजूला, म्हणजे पल्सवर, दोन-दोन सेकंद फिरवा. सलग फिरवलं की दाणे तापतात, तेल सुटतं आणि लगदा होतो.